उंदरांनी कॅम्परचं वायरिंग कुरतडलंय: जोडून चालेल की नवं ओढायचं?

जांबोटी नाका
नमस्कार मंडळी. गाडी ट्रॅव्हलर, मागे कॅम्परची बॉडी करून घेतलेली. जूनपासून दसऱ्यापर्यंत खानापूरजवळ भाताच्या शेताला लागून असलेल्या शेडमध्ये उभी होती. आता उघडली तर पलंगाखाली उंदरांनी संसार मांडलाय.

आतलं सामान असं: पलंगाखाली १०० एएचची (अँपिअर-तास) १२ व्होल्ट लिथियम बॅटरी, टपावर ३३० वॅटचं सोलर पॅनेल, सोलरवरून बॅटरी चार्ज करणारा एमपीपीटी कंट्रोलर, १००० वॅटचा इन्व्हर्टर, चालत्या गाडीतून चार्जिंगसाठी ३० अँपचा डीसी-डीसी चार्जर. १२ व्होल्टचा फ्रीज, पाण्याचा पंप, आठ एलईडी दिवे, दोन पंखे. आठ फ्यूजचा डबा डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर. बाहेरून लाईट घ्यायला २३० व्होल्टचं इनलेट आहे.

नुकसान: पंपाची वायर पूर्ण तुटलीय, तिचा १० अँपचा फ्यूज उडालाय. फ्रीजच्या वायरचं कव्हर तीन-चार सेंटिमीटर सोललंय, आतली तार काळी पडलीय. दिव्यांच्या वायरवर नुसते दातांचे व्रण आहेत. सोलरच्या प्लसवर वरचं कव्हर गेलंय, आतलं शाबूत दिसतंय. इनलेटच्या तीन कोअर केबलवरही व्रण आहेत. शिवाय ब्रेक दाबला की मागचा उजवा इंडिकेटर मिणमिणतो. आणखी एक, दिव्यांचा फ्यूज पावसाळ्याआधीही दोनदा उडाला होता, दोन्ही वेळा चोर्ला घाटात.

गावातला वायरमन म्हणतो टेप गुंडाळू, चालतंय. बाकीची वायर प्लायच्या मागे आहे आणि प्लाय रिपिट मारून बसवलाय. सगळा उचकटायचा का? मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला घरची सगळी जाणार आहेत, तोवर गाडी तयार हवी.

उद्यमबाग
प्लाय उचकटा. दिसतंय तेवढंच कुरतडलंय असं धरून चालू नका. उंदीर वायर खाऊन पोट भरत नाही, दात झिजवतो. त्यामुळे तो एकाच ठिकाणी थांबत नाही, वाटेत जिथे दात टेकला तिथे चावतो. तुटलेली वायर त्रास देत नाही, ती लगेच कळते. खरा त्रास अर्धवट सोललेल्या वायरचा, कारण ती आज चालते आणि सहा महिन्यांनी बॉडीला लागते.

हात घालण्याआधी सगळं बंद करायचं आणि त्याला क्रम आहे. आधी सोलर काढा. दिवसा काम असेल तर पॅनेलवर जाड चादर किंवा ताडपत्री टाका. ३३० वॅटच्या ७२ सेलच्या पॅनेलला उन्हात उघड्या टोकांवर ४५ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि चालू करंटमध्ये सोलर वायरचा एमसी-४ कनेक्टर ओढला तर त्यात ठिणगी पेटते आणि विझत नाही. सोलर सुटल्यावर लिथियमचा मायनस, मग गाडीच्या स्वतःच्या बॅटरीचा मायनस. हा शेवटचा बहुतेक जण विसरतात. डीसी-डीसी चार्जरला पुढच्या बॅटरीकडून येणारी वायर त्याशिवाय जिवंतच राहते. परत जोडताना उलट क्रम: आधी बॅटरी, शेवटी सोलर. बहुतेक एमपीपीटी कंट्रोलर आधी बॅटरी बघून १२ की २४ व्होल्ट ते ठरवतात, म्हणून.

घाण झाडू नका. कोरडी झाडली की धूळ नाकात जाते आणि उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. रबरी हातमोजे, मास्क. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, फवारून पाच-दहा मिनिटं भिजू द्या आणि ओल्या फडक्याने उचला. पण ब्लीच फक्त पत्र्यावर आणि प्लायवर. फ्यूजच्या डब्यावर, टर्मिनलवर उडवलं तर तांबं आठवड्यात हिरवं होईल. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश.

आता जोडायचं की बदलायचं. माझा हिशोब सरळ आहे. २३० व्होल्टची केबल: जोड नाही, इनलेटपासून पहिल्या एमसीबीपर्यंत पूर्ण नवी. सोलरची वायर: पूर्ण नवी, डबल इन्सुलेशनची ४ स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) सोलर केबलच. वरचं कव्हर गेलं म्हणजे दोनपैकी एक संरक्षण गेलं, वर ऊन आणि पाऊस. १२ व्होल्टच्या वायरला एका लांबीत एक-दोन जखमा असतील तर जोड चालतो. तीन किंवा जास्त असतील, किंवा तार काळी पडून तो काळेपणा आत शिरला असेल, तर नवी ओढा. तुमची फ्रीजची वायर या दुसऱ्या प्रकारात बसते. नुसत्या व्रणांसाठी वायर त्या जागी बोटावर वाकवा. व्रण फाकला आणि तांबं चमकलं तर ती जखम, न फाकला तर स्लीव्ह पुरे.

काळी पडलेली तार जोडायची असेल तर एक-एक सेंटिमीटर मागे कापत जा, जोवर लालसर चकचकीत तांबं दिसत नाही तोवर. कधी कधी दहा-बारा सेंटिमीटर जातात. ओल आणि मूत केशिकेसारखं तारांमधून आत चढतं. काळ्या तांब्यावर क्रिंप (पकडीने चेपलेला जोड) मारला तर तो नुसता दिसायला जोड असतो.

जोड असा करा. गोंदवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) स्लीव्ह असलेले बट कनेक्टर, म्हणजे दोन टोकं जोडायच्या नळ्या, घ्या: लाल ०.५ ते १.५ स्क्वेअरला, निळा १.५ च्या वर २.५ पर्यंत, पिवळा ४ ते ६ ला. सात-आठ मिलिमीटर सोला, एकही तार कापली जाऊ देऊ नका. तारा पिळू नका, सरळ आत घाला, मधल्या टेकूला टेकल्याचं कळतं. रॅचेटवाल्या पकडीने त्याच रंगाच्या खाचेत दाबा. रॅचेट पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही, तोच तिचा उपयोग. मग दोन्ही बाजूंनी जोर लावून ओढा. निसटला तर आत्ताच निसटलेला बरा. नंतर हीट गन मधून टोकांकडे फिरवा. दोन्ही टोकांना पारदर्शक गोंदाचा छोटा मणी बाहेर आला की थांबा. लायटरने करू नका, एक बाजू करपते आणि दुसरी आवळतच नाही.

एका जुडग्यात तीन-चार जोड असतील तर एकमेकांपासून चार-पाच सेंटिमीटर मागे-पुढे ठेवा. सगळे एका रेषेत आले तर तिथे गाठ होते, पाईपमध्ये बसत नाही आणि एखादा जोड फुटला तर शेजारच्याला लागतो. वर कापडी हार्नेस टेप. काळी पीव्हीसी टेप वापरू नका. उन्हात तिचा गोंद वितळून चिकट होतो, मग टेप सुटते आणि धूळ धरते. तुमच्या वायरमनला एवढंच सांगा.

बारा व्होल्ट
वरच्यांनी जोडाचं सांगितलं, मी फ्यूज आणि व्होल्टेजचं सांगतो.

दिव्यांचा फ्यूज पावसाळ्याआधी उडत होता आणि तोही फक्त घाटात, म्हणजे ते उंदराचं काम नाही. कुठेतरी वायर दाबली गेलीय आणि गाडी हलली की बॉडीला लागते. शोधायची सोपी पद्धत आहे. ब्रेक लाईटचा २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी जोडा आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन पात्यांमध्ये लावा. लाईटचा सप्लाय लिथियमने देऊ नका, बाईकची जुनी ७ एएचची बॅटरी पुरते. दिव्यांचे सगळे स्विच बंद ठेवा. बल्ब पूर्ण पेटला तर स्विचच्या आधी शॉर्ट आहे. बल्बमधून पावणेदोन अँपच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून वायर तापत नाही आणि फ्यूजही जाळावे लागत नाहीत. आता एकाने बल्बकडे बघायचं, दुसऱ्याने पूर्ण लांबीभर वायर हलवत, प्लाय दाबत जायचं. जिथे बल्ब लुकलुकतो तिथे शॉर्ट. स्क्रू, रिपिट, पत्र्याच्या कडा आणि बिजागरी आधी बघा.

फ्रीज. जुनी वायर काय जाडीची आहे ते सांगितलं नाहीत, पण असल्या गाड्यांत फ्रीजला १.५ स्क्वेअर ओढलेली सर्रास दिसते. हिशोब बघा. डब्यापासून फ्रीज ७ मीटर धरला तर जाऊन-येऊन १४ मीटर. तांब्याच्या १.५ स्क्वेअरला १४ मीटरचा रेझिस्टन्स साधारण ०.१६ ओहम. ५ अँपला ०.८ व्होल्ट वायरमध्येच जातात. ४ स्क्वेअरने हेच ०.३ होतं. बऱ्याच १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरांचा कंट्रोलर साधारण १०.४ व्होल्टला बंद होतो आणि ११.७ ला परत चालू, म्हणून उतरत्या बॅटरीवर वायर बारीक असेल तर फ्रीज चालू-बंद-चालू करत बसतो. लोक कॉम्प्रेसर खराब समजतात. नवी ओढतच आहात तर ४ स्क्वेअरच ओढा, प्लस आणि मायनस दोन्ही. मायनस बॉडीवर टाकू नका.

घरातली ३/२०, ७/२० सारखी मोजक्या जाड तारांची वायर गाडीत नको. हादऱ्याने टर्मिनलजवळ ती थकून तुटते. बारीक तारांची ऑटो केबलच घ्या.

फ्यूज वस्तू वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. पाईपमध्ये जुडग्यात जाणाऱ्या १.५ स्क्वेअरला १० अँप, २.५ ला १५, ४ ला २५ यापुढे जाऊ नका. पंप ७ अँप घेत असेल तर २.५ स्क्वेअर आणि १० चा लाल फ्यूज बरोबर आहे. उडतो म्हणून २० चा पिवळा घालणं म्हणजे वायरलाच फ्यूज करणं.

आणि एक विचारतो: लिथियमच्या प्लसवर, बॅटरीपासून वीतभर अंतरात, मुख्य फ्यूज आहे का? १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडला शंभरेक अँप ओढतो, त्याला ३५ स्क्वेअर केबल आणि १२५ अँपचा फ्यूज. तो साधा मिडी फ्यूज नको. लिथियम शॉर्ट झाली तर काही हजार अँप देते आणि मिडी फ्यूजची तोडण्याची क्षमता एक-दोन हजारांचीच असते. फ्यूज वितळला तरी आत ज्योत चालूच राहते. क्लास-टी फ्यूजची क्षमता २० हजार आहे, तो घाला. बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) तोडेल या भरवशावर राहू नका. तो बॅटरी वाचवायला आहे, केबल नाही.

कैची-पकड
उद्यमबागवाल्यांचं सगळं मान्य, पण क्रिंपच्या बाबतीत एक भर घालतो. आपल्याकडे रॅचेटवाली पकड फार थोड्यांकडे असते. साध्या पकडीने चेपलेला क्रिंप चांगल्या सोल्डरपेक्षा वाईट. वर्षभरात हलायला लागतो, गरम होतो, मग कनेक्टर तपकिरी पडतो. पकड नसेल तर सोल्डर करा, पण नीट करा: दोन्ही टोकं एकमेकांभोवती चार-पाच आडे घालून आवळा, ६०/४० ची रोझिन कोअर तार वापरा, डबीतला ॲसिडवाला फ्लक्स अजिबात नाही. कथील तारांमधून मागे चढतं आणि जिथे ते संपतं तिथे वायर कडक-मऊ अशी होते. हादऱ्याने बरोब्बर तिथेच तुटते. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूला तीन-चार सेंटिमीटरवर वायर बॉडीला क्लिपने बांधलीच पाहिजे. स्लीव्ह जोडायच्या आधी वायरवर घालून ठेवा. आपण सगळे ती जोडल्यावर आठवतो.

बॅटरीच्या जाड केबलच्या थिंबलला (टोकाच्या कडीला) मात्र सोल्डर नाही. ६०/४० कथील १९० अंशाच्या आत वितळतं. केबल तापली तर थिंबल गळून पडेल आणि सुटी जिवंत केबल पलंगाखाली लोळेल. ३५ स्क्वेअरची थिंबल हायड्रॉलिक पकडीनेच दाबून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत पॅनेलचं काम करणाऱ्याकडे ती असते, दहा मिनिटांचं काम.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो म्हणजे मागच्या लॅम्पची अर्थ गेलीय. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट अर्थला वाट मिळत नाही म्हणून इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा बाहेर पडतो. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल टोक लॅम्पच्या अर्थ पिनला, ब्रेक दाबून धरा. ०.२ च्या वर आलं तर अर्थ खराब. बोल्ट सोडा, खालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली. काळी वायर कपलरच्या आत कुरतडलीय का तेही बघा, कपलरचं तोंड उंदराला आवडतं.

जांबोटी नाका
सगळ्यांना धन्यवाद. प्लाय काढला. डाव्या बाजूला एकूण अकरा जखमा मिळाल्या, त्यातल्या चार दिसत होत्या.

दिव्यांचा शॉर्ट बल्बने पंधरा मिनिटांत सापडला. चाकाच्या कमानीवर प्लाय बसवताना मारलेला एक स्क्रू वायरच्या अंगातून जाऊन खालच्या लोखंडी रिबमध्ये शिरलाय. वायर मधोमध भोसकलीय. प्लाय दाबला की बल्ब पेटतो, सोडला की विझतो.

मुख्य फ्यूज आहे, पण तो बॅटरीपासून दीड मीटर लांब, इन्व्हर्टरजवळ बसवलाय आणि मिडी आहे. बदलतोय.

एक गोष्ट कळेना. फ्रीजची वायर १.५ स्क्वेअरच निघाली. तात्पुरती जुनी जोडून बघितली, फ्रीज ५ अँप घेत असताना बॅटरीवर १३.१ आणि फ्रीजच्या टोकाला ११.३. म्हणजे १.८ व्होल्ट गेले. वायरने ०.८ जातात म्हणालात, बाकी एक व्होल्ट कुठं? उंदराने अर्ध्या तारा तोडल्यात, त्यामुळे का?

बारा व्होल्ट
नाही, तुटलेल्या तारांमुळे नाही. १.५ स्क्वेअरच्या वायरमध्ये ०.२५ मिमीच्या तीसेक तारा असतात. उंदराने त्यातल्या सव्वीस तोडल्या आणि चारच उरल्या, तरी ती जागा एक-दोन मिलिमीटरची. तेवढ्याने व्होल्टेज मोजता येण्याइतकंही पडत नाही. वायर तिथे तुटणार हे खरं, पण तुमचा एक व्होल्ट खाणारी जागा ती नव्हे.

एक व्होल्ट गुणिले ५ अँप म्हणजे ५ वॅटची उष्णता, आणि ती कुठेतरी तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत तयार होतेय. प्लास्टिक तपकिरी करायला तेवढी पुरते. शोधताना अंदाज करू नका, तुकड्यातुकड्याने मोजा. फ्रीज चालू ठेवा, मीटर व्होल्टवर. बॅटरीच्या प्लस टोकापासून डब्याच्या प्लस पट्टीपर्यंत किती, पट्टीपासून फ्यूजच्या पलीकडच्या वायरपर्यंत किती, तिथून फ्रीजच्या प्लसपर्यंत किती. मग तसंच मायनसच्या बाजूला. सगळ्यांची बेरीज १.८ यायलाच हवी. फ्यूज आणि त्याच्या पात्यांत मिळून ०.०५ च्या आत असतं. त्याहून जास्त दिसलं तिथे हात लावून बघा, कोमट लागेल.

माझी शंका डब्यावर आहे. घाण डब्याच्या वर होती ना? मूत फ्यूजच्या पात्यांत उतरलं असेल.

निपाणी बायपास
वायरिंगचं सगळं झालं, आता २३० व्होल्टचं बोला की ओ. सौंदत्तीला जाणार म्हणताय, तिथं यात्रेत लाईट कुणाकडनं घेणार? मंडपवाल्याच्या जनरेटरवरनं वायर येते, तीन पिनच्या सॉकेटात अर्थची पिन नुसती शोभेला. त्याच्याबद्दल आधी लिहितो, बाकी उंदराचं नंतर.

गाडी रबरी टायरवर उभी असते. आत कुठं २३० ची वायर बॉडीला लागली आणि अर्थ नसली तर सगळी बॉडी २३० वर जाते आणि काहीच ट्रिप होत नाही, कारण करंटला जायला वाट नाही. आत बसलेल्याला कळतसुद्धा नाही. मग डोंगरावरनं अनवाणी आलेला माणूस ओल्या जमिनीवर उभा राहून दाराची मूठ धरतो, आणि वाट त्याच्यातनं मिळते. म्हणून इनलेटच्या लगेच आत दोन पोलचं ३० मिलिअँपचं आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारं) आणि दोन पोलचा १६ अँपचा एमसीबी पाहिजेच. दोन पोल का, तर यात्रेच्या सॉकेटात फेज-न्यूट्रल उलटे असतात. एक पोलचा एमसीबी न्यूट्रल तोडतो आणि फेज आत तसाच राहतो.

पण आरसीसीबी म्हणजे देव नव्हे. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल कुठंच अर्थ केलेला नसतो, तिथं गळती होऊन करंटला परत जायला वाट नसते म्हणून आरसीसीबी गप्प बसते. पहिला दोष कळत नाही, दुसरा झाला की एकदम भोवतो. टेस्टचं बटण दाबलं आणि ट्रिप झालं म्हणजे अर्थ बरी हाय असा अर्थ काढू नका, ते बटण फक्त आतली यंत्रणा तपासतं. अनोळखी जनरेटरवर घेऊच नका, माझं तर तेच मत. १०० एएच लिथियम म्हणजे १२०० वॉट तासाच्या वर ऊर्जा, फ्रीज, दिवे आणि पंखे एक दिवस आरामात ओढतात, वर सोलर. अंगाला जरा झिणझिण्या आल्या तर गाडीतलं बटण बंद करत बसू नका, समोरच्या टोकाची पिन उपटा, आणि गाडीला हात लावू नका.

नवी केबल टाकल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायचा मीटर) तपासून घ्या: फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल, एक मेगाओहमच्या वर यायला पाहिजे. पण आधी इन्व्हर्टर, चार्जर, आरसीसीबी सगळं सोडवून. आणि १२ व्होल्टच्या बाजूला मेगर चुकूनही लावू नका, कंट्रोलर जागच्या जागी मरेल.

आता उंदीर. निपाणीचा माणूस म्हणजे तंबाखू टाका म्हणणार असं वाटलं असेल. पुष्कळ जण बॉनेटखाली तंबाखूच्या काड्या ठेवतात, आठ-पंधरा दिवस चालतं, मग वास उडतो आणि पावसाळ्यात तीच ओल धरून बसते. एक्झॉस्टजवळ पेटते ते वेगळं. डांबराच्या गोळ्या तर झोपायच्या गाडीत नकोच, तो वास तुमच्याच फुफ्फुसात जातो. खरा उपाय भोकं बुजवणं. लहान उंदीर अंगठ्याहून बारीक, सहा-सात मिलिमीटरच्या फटीतनं आत येतो. म्हणून सहा मिलिमीटरच्या जाळीपेक्षा मोठी जाळी उपयोगाची नाही. खाली गाडीत जाणारी प्रत्येक वायर, गॅसची नळी, पाण्याची नळी बघा. भोवती स्टीलची लोकर कोंबा आणि वर सीलंट भरा. नुसता फोम नको, तो कुरतडून आत येतात. भातकापणी झाली, ऊस तुटायला लागला की शेतातले उंदीर शेडकडं येतात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. गाडी शेडमध्ये ठेवायची तर बॉनेट उघडं ठेवा, अंधार मोडला की घर करायला कमी येतात. आणि पलंगाखाली तांदूळ, डाळ, कुत्र्याचं खाणं ठेवू नका.

उद्यमबाग
निपाणीच्या अण्णांचं सगळं बरोबर, फक्त पत्र्याला भोक पाडताना काठाला रबरी ग्रॉमेट बसवा आणि मगच वायर घाला. लोकर-सीलंट ग्रॉमेटच्या बाहेर. लोकर वायरला टेकून बसली तर हादऱ्याने तीच कव्हर खाते, मग उंदराची गरजच नाही. वायर प्रत्येक ३० सेंटिमीटरवर क्लिपने बांधा, पाईपमध्ये भरून सोडून देऊ नका. आणि प्लाय परत लावताना स्क्रू कुठे बसणार ते आधी आखून, वायर त्या रेषेपासून पाच सेंटिमीटर लांब न्या.

जांबोटी नाका
मोजलं. प्लसच्या बाजूला फ्यूजच्या पात्यांत ०.६, मायनसच्या पट्टीवर एका नटाखाली ०.४, वायरमध्ये ०.८. बेरीज १.८ बरोब्बर आली. फ्यूजचा डबा उलटा करून बघितला तर फ्रीजच्या खाचेखालचं प्लास्टिक खरंच तपकिरी पडलंय आणि पातं हिरवं. डबा नवा घेतलाय, मायनसची पट्टीही. जागा कमानीवरून काढून पलंगाच्या वर, हात पोचेल अशी केली.

फ्रीजला ४ स्क्वेअर ओढली. बॅटरीवर १३.१, फ्रीजला १२.७. दिव्यांची वायर स्क्रूपासून वीसेक सेंटिमीटर मागे-पुढे कापून नवी टाकली. सोलर आणि इनलेट दोन्ही पूर्ण नव्या. मागच्या लॅम्पची अर्थ साफ केली, ब्रेक दाबल्यावर ०.०४ येतंय, इंडिकेटर विझला.

सौंदत्तीला जनरेटरवरनं काही घेत नाही. पंपाचा जोड राहिलाय, रॅचेटची पकड एका मित्राकडून आणलीय, एक-दोन जोड तुकड्यांवर मारून बघतोय. जोरात ओढल्यावर निळ्यातला एक निसटला.

कैची-पकड
निळ्यात १.५ स्क्वेअरची वायर घातली असेल तर ती ढिलीच बसते, कनेक्टर लालचा लागतो. आणि वायर २.५ असूनही निसटला असेल तर पकडीत तो लालच्या खाचेत दाबलाय का बघा, की सोलताना तारा कापल्या गेल्या. पंपाच्या २.५ ला निळाच, निळ्याच खाचेत.